संगमनेर तीन किलोमीटर जवळ आलं

गेल्या भाऊबीजेला संगमनेर आमच्या घराजवळ सरकलं. नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या फाटकापासून मावशीच्या दारापर्यंत अलीकडे मीटरवर ७१ किलोमीटर पडायचे. कधी ७०.९, कधी ७१.१, त्याच्या पलीकडे नाही. त्या दिवशी मावशीच्या दारात गाडी लावली आणि ट्रिपमीटरवर आकडा होता ६८.२. शिंदे टोलनाका तोच, मोहदरीचा घाट तोच, सिन्नरचा बायपास तोच. तरी वाटलं, गप्पांच्या नादात ट्रिप शून्यावर आणायला उशीर झाला असेल. परत येताना मावशीच्या दारातच शून्य केलं. पुन्हा ६८.२.

बायको म्हणाली, "बरंच झालं की, पेट्रोल वाचलं."

पेट्रोल वाचलं नव्हतंच. उलट तीच माझी तक्रार होती. नोकरी बँकेतली, त्यामुळे डॅशबोर्डच्या खणात एक वही असते आणि टाकी फुल केली की लिटर, किलोमीटर आणि भागाकार तिच्यात लिहिला जातो. घरात या वहीची चेष्टा होते. तर त्या वहीप्रमाणे जी गाडी १८.४ चं ॲव्हरेज द्यायची, ती भाऊबीजेनंतर १७.५ वर आली होती. मधे गाडीत एकच बदल झाला होता: चार नवे टायर.

गाडी २०१५ ची स्विफ्ट, व्हीएक्सआय. तिला कंपनीचं माप १६५/८० आर १४, साध्या लोखंडी रिमवर. टायर गुळगुळीत व्हायला आले होते. त्याच सुमारास माझ्या मेहुण्याने त्याच्या झेडएक्सआय स्विफ्टला सोळा इंची अलॉय रिम बसवून घेतले आणि त्याचे मूळचे पंधरा इंची अलॉय "दाजी, तुम्हीच वापरा" म्हणून मला देऊन टाकले. त्या रिमवर बसायचा कंपनीचा टायर म्हणजे १८५/६५ आर १५. मी दुकानात गेलो तेव्हा तो नेमका शिल्लक नव्हता, मंगळवारी येणार होता. आणि आम्हाला शनिवारी निघायचं होतं.

दुकानदार म्हणाला, "साहेब, १९५/६५ टाका. एका नंबरचा तर फरक आहे. गाडी भरीव दिसेल."

मी विचारलं, मीटरमध्ये फरक पडेल का? त्याने समजावलं, की रिम एक इंचाने मोठी झाली, पण टायर ८० चा ६५ झाला, म्हणजे बुटका झाला. बरोबरीला बरोबर. मला हे पटलं. हिशेबाच्या माणसाला का पटलं, हे मी नंतर बरेचदा स्वतःला विचारलं.

कारण मधला आकडा मिलिमीटर नसतो, टक्का असतो. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर आणि तिच्या ८० टक्के उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची भिंत १३२ मिलिमीटर. १९५ च्या ६५ टक्के म्हणजे पावणेएकशेसत्तावीस. ८० वरून ६५ वर आलं की मोठी घसरण वाटते, प्रत्यक्षात भिंत जेमतेम पाच मिलिमीटरने उतरली. रिम मात्र चौदाची पंधरा इंच झाल्यावर व्यासात २५.४ मिलिमीटर वाढली, म्हणजे एका बाजूला पावणेतेरा. बरोबरी साधायची तर भिंतही तेवढीच उतरायला हवी होती. १८५/६५ मध्ये ती पावणेबारा उतरते. कंपनीने एकाच मॉडेलला दोन मापं दिली ती अशी तोलून. आणि हो, आर म्हणजे रेडियस नव्हे. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची ठेवण.

वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. जुना टायर: रिम ३५५.६, अधिक दोन भिंती २६४, एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. नवा: ३८१ अधिक २५३.५, म्हणजे ६३४.५. फरक २.४ टक्के. दुकानात शिल्लक नसलेला १८५/६५ आला असता तर व्यास ६२१.५, म्हणजे दोन मिलिमीटरचा फरक. आमच्या मेहुण्याने कसलाही हिशेब न करता, निव्वळ दिसायला छान म्हणून घातलेला १९५/५५ आर १६ येतो ६२०.९. घरात शौकीन म्हणून ज्याची थट्टा होते त्याचं माप बिनचूक आणि वही ठेवणाऱ्याचं चुकलेलं.

पण हिशेब इथेच अडला. ७१ चे ६८.२ होणं म्हणजे चार टक्क्यांचा फरक. मापातला फरक २.४ चाच. उरलेला दीड टक्का गेला कुठे?

आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक काका राहतात. सातपूरला सिएटचा कारखाना आहे, तिथून ते निवृत्त झाले. संध्याकाळी बाकावर बसलेले असतात. मी वही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, पान पाहिलं आणि म्हणाले, "व्यासाला पायने गुणलंस का?"

"हो. परीघ काढायला ३.१४ शिवाय दुसरं काय?"

"टायर गाडीखाली नसेल तेव्हा बरोबर आहे. गाडीखाली तो गोल असतो का?"

मग त्यांनी मला माझ्याच गाडीजवळ उकिडवं बसायला लावलं आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायला सांगितलं. ते भरलं २९० मिलिमीटर. व्यासाच्या निम्मे तर ३१७ व्हायला हवे होते. खाली वजनाने टायर चपटा झाला होता.

"मग त्रिज्या २९० धरायची?" मी विचारलं.

"तेही चूक. करून बघ, मग सांगतो."

करून बघायला संक्रांतीच्या आधीचा रविवार उजाडला. जुने टायर मी टाकले नव्हते, लोखंडी रिमसकट पार्किंगच्या कोपऱ्यात रचून ठेवले होते. शिवाय डिकीत स्टेपनी होती, जुन्याच मापाची आणि कधीही न वापरलेली. म्हणजे मोजायला तीन चाकं हाताशी: झिजलेलं जुनं माप, कोरं जुनं माप आणि नवं मोठं माप. काकांची अट अशी, की तिन्ही चाकं मागच्या डाव्या बाजूलाच लावायची, हवा तिन्हीत ३२ भरायची आणि गाडीत बसणारं माणूसही तेच ठेवायचं, म्हणजे वजन बदलणार नाही. ते माणूस म्हणजे बायको. स्टिअरिंग सरळ आणि ब्रेकवर पाय, एवढंच तिचं काम. गाडी न्यूट्रलमध्ये. ढकलायला मी आणि वॉचमन. टेप तीस मीटरचा, शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकडून मागून आणलेला. फेऱ्या मोजायला माझी मुलगी, इयत्ता सहावी.

पहिला प्रयोग रांगोळीचा. टायरवर ओल्या रांगोळीची रेघ ओढायची आणि रस्त्यावर उठणारे ठसे मोजायचे, ही माझी कल्पना. रांगोळी पहिल्याच फेरीत झडली. मग चुना कालवला. पहिला ठसा झकास उठला, दुसरा फिका, तिसऱ्याला संशय आणि चौथा कुठे पडला यावर बाप-लेकीत वाद. शेवटी काकांनीच बाकावरून सांगितलं, की व्हॉल्व्ह बघा. हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आला की डांबरावर खडूची रेघ, तिथून दहा वेळा व्हॉल्व्ह खाली येईपर्यंत ढकलायचं, आणि शेवटच्या वेळी पुन्हा रेघ. व्हॉल्व्ह बरोबर खाली आहे की थोडा पुढे गेलाय, हे डोळ्यांनी कळत नव्हतं म्हणून मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा गेलो आणि ओळंबा आणला. चाकाच्या मधोमध दोरी धरली की तिच्याआड व्हॉल्व्ह लपायला हवा.

दहाच फेऱ्या का, हे मुलीने विचारलं आणि त्याचं उत्तर देताना मलाही नीट उमगलं. रेघ मारताना एखाद्या सेंटीमीटरची चूक होणारच. एकाच फेरीत ती झाली तर दोन मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे अर्धा टक्का. मला जो फरक पकडायचा होता तोच दीड-दोन टक्क्यांचा. दहा फेऱ्यांना तीच चूक एकोणीस मीटरवर पसरते आणि किरकोळ होते.

झिजलेल्या टायरने दहा फेऱ्यांत कापले १८.६२ मीटर. आठव्या फेरीला मुलगी आकडा विसरली, वॉचमनला फोन आला, असं करत तीनदा घेतलं. दोन वेळा १८.६२, एकदा १८.६१. मग जॅक लावून स्टेपनी चढवली: १८.९२. मग अलॉयवरचा नवा टायर: १९.३८.

मी तिथेच खडूने भागाकार केला. स्टेपनीपासून नव्या मापापर्यंत २.४ टक्के, अगदी कागदावर आले होते तेवढेच. आणि झिजलेल्यापासून स्टेपनीपर्यंत १.६ टक्के. हरवलेला दीड टक्का हा होता. माप तेच, फक्त रबर गेलेलं. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. माझ्या जुन्या टायरची तीन उरली होती. पाच इकडून गेले, पाच तिकडून गेले, व्यास एक सेंटीमीटरने कमी. मी नव्या मापाची तुलना कंपनीच्या मापाशी करत होतो, पण माझं मीटर गेली दोन वर्षं ज्या टायरवर चाललं होतं तो कंपनीच्या मापाचा राहिलाच नव्हता.

रात्री वही मागे उलटत गेलो तर ते तिथे लिहिलेलंच होतं, मीच कधी वाचलं नव्हतं. तो सेट नवा होता तेव्हा संगमनेर ६९.९. पुढच्या वर्षी ७०.२. मग ७०.५, मग ७१. मावशीचं घर दर दिवाळीला थोडं थोडं लांब जात होतं आणि भाऊबीजेला एकदम जवळ आलं. मोबाईलच्या नकाशावर हे अंतर सत्तरच्या आसपास दिसतं, म्हणजे खरं बोलला होता तो नवाकोरा मूळ टायर. मीटर बिचारं रस्ता मोजत नाही, ते फेऱ्या मोजतं आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या एका आकड्याने गुणतं. खाली टायर बदलला हे त्याला कोण सांगणार?

ॲव्हरेजचंही तेच. नव्या टायरवर मीटर पूर्वीपेक्षा चार टक्के अंतर कमी मोजत होतं, म्हणजे भागाकारातला वरचा आकडाच लहान. १७.५ ला त्या चार टक्क्यांनी वाढवलं की १८.२ येतात. म्हणजे नऊ दशांशाची जी घट मी दुकानदाराच्या माथी मारायला निघालो होतो, त्यातले सात दशांश निव्वळ मोजणीतले. उरलेले दोन रुंद टायरमुळे असतील, दिवाळीतल्या गर्दीमुळे असतील. त्यासाठी भांडायला जाण्यात अर्थ नव्हता.

आता काकांचं कोडं. नव्या टायरचा व्यास ६३४.५, त्याला पायने गुणलं तर एका फेरीचे १९९३ मिलिमीटर व्हायला हवेत. चाकाच्या मध्याची उंची २९० त्रिज्या धरून परीघ काढला तर १८२२. टेप म्हणतो १९३८. दोन्ही नाही, मधलंच काहीतरी. काकांनी ते रणगाड्याच्या पट्ट्यावरून सांगितलं. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तो फारसा ताणतही नाही आणि आखडतही नाही. वजनाने टायर खाली चपटा होतो, चाकाचा मध्य जमिनीजवळ येतो, पण पट्ट्याची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. रणगाड्याची चाकं केवढीही असोत, पुढे अंतर कापलं जातं ते पट्ट्याच्या लांबीएवढं. टायरचं अगदी तसं नाही, पण त्याच्या जवळपास. पट्टा नक्षीच्या आत असल्याने बाहेरच्या परिघापेक्षा थोडा आखूड, म्हणून १९९३ नाही. युरोपातल्या टायर मानकांमध्ये रेडियल टायरसाठी व्यासाला ३.०५ ने गुणायची पद्धत आहे. ६३४.५ गुणिले ३.०५ म्हणजे १९३५. आमचा टेप, खडू आणि ओळंबा मिळून तीन मिलिमीटरने चुकले. स्टेपनीचे येतात १८९०, आम्ही मोजले १८९२. काका काही बोलले नाहीत, पण बाकावरून उठून टेपपर्यंत आले, हे मी दाद म्हणून धरलं. दोन मापांची नुसती तुलनाच करायची असेल तर पाय घ्या की ३.०५ घ्या, टक्का तोच येतो. प्रत्यक्ष अंतर काढायचं असेल तेव्हाच हा फरक.

उत्साहात आणखी एक केलं. त्याच चाकाची हवा ३२ वरून २० वर उतरवली. टायर बघूनच कीव येत होती, मला वाटलं अर्धा मीटर तरी कमी होईल. कमी झाले नऊ सेंटीमीटर, दहा फेऱ्यांत. अर्धा टक्कासुद्धा नाही, पुन्हा त्या पोलादी पट्ट्यामुळे. पण एवढ्याशा फरकावरच काही गाड्या हवा कमी झाल्याचा दिवा लावतात. त्यांच्या टायरमध्ये हवा मोजणारं यंत्र नसतं. एबीएसचे सेन्सर चारही चाकांच्या फेऱ्या मोजतच असतात, त्यातलं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा सतत जरा जास्त फिरायला लागलं की गाडी ओळखते.

वेगाची काळजी मला सगळ्यात जास्त होती, कारण समृद्धीवर कॅमेरे आहेत. टायर मोठा, मीटर कमी दाखवणार, आणि आपण १२० समजून पुढे जाणार. जुन्या टायरवर शिर्डीला जाताना एकदा मोबाईलवर सहज बघितलं होतं: मीटरवर १०० असताना जीपीएस ९३. नव्या टायरवर त्याच काट्याला ९७ आले. म्हणजे काटा अजूनही पुढेच आहे, फक्त पूर्वीइतका नाही. हे पुढे असणं मुद्दाम ठेवलेलं असतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त चालतो, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढाच. त्यामुळे कंपन्या काटा हात राखून पुढे ठेवतात. किलोमीटरच्या आकड्यात असा हात राखलेला नसतो, म्हणून एकाच गाडीत संगमनेरचं अंतर जवळपास खरं आणि वेग मात्र फुगवलेला, अशी गंमत होते. दुकानात २०५/६५ सुद्धा दाखवला होता. तो मूळ मापापेक्षा साडेचार टक्के मोठा. घेतला असता तर राखलेला हात जवळजवळ रिकामा झाला असता.

बाकी तोटे-फायदे थोडक्यात. मोहदरीच्या चढावर गाडी तिसऱ्यात पूर्वीपेक्षा जरा आढेवेढे घेते, कारण चाकाच्या प्रत्येक फेरीला तिला चार टक्के जास्त ओढायचं असतं. झिजलेल्या टायरच्या तुलनेत गाडी सव्वा सेंटीमीटर वर आली, हे पावसाळ्यानंतरच्या नाशकात कमी नाही. वजनाचा निर्देशांक ८५ चा ९१ झाला, म्हणजे एका टायरची क्षमता ५१५ किलोवरून ६१५ किलो. त्या बाबतीत चिंता नाही.

स्टेपनीचा मात्र विचार करावा लागला. ती मूळ मापाची. पंक्चर झालं आणि ती पुढे लावली तर डावं-उजवं चाक किलोमीटरमागे बारा-तेरा फेऱ्यांनी वेगळं फिरणार. स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं ओढतं, म्हणजे सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरला, वळणावर असल्यासारखं राबावं लागणार. काकांचं म्हणणं, पुढचं पंक्चर झालं तर आधी मागचं चांगलं चाक पुढे आण आणि स्टेपनी मागे लाव, आणि तिच्यावर पंक्चरवाल्यापर्यंतच जा. दोनदा जॅक लावायचा. एका मंगळवारची वाट न पाहिल्याबद्दल एवढं चालायचंच.

टायर बदलावेत का, यावर दोन दिवस घालवले. दुकानदार घ्यायला तयार होता, पण जो भाव सांगितला तो ऐकून मी चहासुद्धा घेतला नाही. मग वही उघडून एक शेवटचा हिशेब केला. टायरच्या खाचांमध्ये मधेमधे टीडब्ल्यूआयचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर काढायचा. आठमधून १.६ गेले, उरले ६.४. दोन्ही बाजूंचे मिळून १२.८. ६३४.५ वजा १२.८ म्हणजे ६२१.७. आणि मंगळवारी येणाऱ्या त्या १८५/६५ चा व्यास होता ६२१.५.

म्हणजे माझे टायर झिजत झिजत अगदी योग्य मापाला येतील, आणि नेमके त्याच दिवशी ते काढून टाकायचे असतील.

काकांना पान दाखवलं. ते इतके हसले की वॉचमन बघायला आला. वहीत एक ओळ मी आधीच लिहून ठेवली आहे, तारखेची जागा कोरी सोडून: संगमनेर, ६९.७.